त्याच घरातून निघालेल्या काठ्या

करुणानं सिनेमा काढायला घेतला, तेव्हा तिच्या आईनं, पद्माबाईनं, एकच अट घातली. चतुराबाईंना विचारल्याशिवाय त्यांचं काही दाखवायचं नाही.

सिनेमा त्यांच्याच गावातल्या घटनेवर होता. करुणा तेव्हा अंगावर पिणारं लेकरू होती. भीमजयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच मारुतीच्या पारावरून गेली आणि वरच्या आळीतल्या माणसांनी काठ्या काढल्या. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं करुणाचा बाप जळबा होता. त्याचा पाय मोडला तो कायमचाच. पद्माबाई लेकराला पोटाशी धरून पळत सुटली, दिसेल त्या बोळात शिरली. एका घरामागच्या गोठ्याचं दार उघडलं आणि कुणीतरी तिला आत ओढलं. त्या चतुराबाई होत्या, मारणाऱ्यांतल्याच माणिकरावांच्या भावजय. त्यांनी मायलेकींना कडब्यामागं लपवलं, करुणासाठी दूध तापवून आणलं आणि दिवस कलल्यावर मळ्याच्या वाटेनं सुखरूप लावून दिलं.

पुढं केस चालली. कुणी लपवलं, असं वकिलानं पुन्हापुन्हा विचारलं, पण पद्माबाईनं नाव सांगितलं नाही. त्या बाईला त्याच घरात दिवस काढायचे होते. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, सगळे सुटले. नाव न सांगणं, याहून उपकार फेडायची दुसरी रीत पद्माबाईला माहीत नव्हती.

सिनेमाचं विचारायला मायलेकी चतुराबाईंकडं गेल्या. त्यांचा मुलगा सोमेश्वर ओसरीवर बसून ऐकत होता. मारणारे फक्त पाठमोरे दाखवणार आहे, तुमचा चेहरा मात्र नीट दिसेल, असं करुणानं सांगितलं. गावात पुन्हा तेढ नको म्हणून तिनं तसं ठरवलं होतं.

चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकट्या मलाच दावशील, तर गाव म्हणंल आमी किती चांगले. काठ्या याच घरातून निघाल्या, बाई. समोरच्या दारातून त्या निघाल्या, अन् मागच्या दारानं तुझी माय आत आली. दावायचं तर दोन्ही दाव."

"काकू, तुमाला तकलीफ होईल," करुणा म्हणाली.

"व्हईल तर व्हईल."

शूटिंगच्या दिवशी सोमेश्वरनं सकाळीच अंगणातला ट्रॅक्टर हलवला आणि दोन्ही दारं सताड उघडून ठेवली. माणिकरावांनी त्या दिवसापासून भावजयीशी बोलणं टाकलं.

जवळा बाजारच्या मंगल कार्यालयात एका रविवारी दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून सिनेमा दाखवला. बौद्धवाड्यातली झाडून सगळी माणसं आली होती. वरच्या आळीतली थोडी आली, त्यातली काही मध्येच उठून गेली. पद्माबाईनं चतुराबाईंना आपल्या शेजारी बसवलं. पडद्यावर समोरच्या दारातून काठ्या बाहेर पडल्या, तेव्हा चतुराबाईंनी मान खाली घातली नाही. पद्माबाईनं त्यांचा हात धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही. या बाईला मनातल्या मनात किती वेळा हात जोडले होते, त्याला गणती नव्हती. आज चारचौघांत हात धरता आला, तो लेकीमुळं.

लोक पांगले तसा जळबा काठी टेकत आला. चतुराबाईंशी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्यांच्यासमोर येऊन तो थांबला.

चतुराबाईंनीच विचारलं, "जळबाभाऊ, पाय दुखतो का आजून?"

त्या घरातून हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. जळबा शेजारच्या खुर्चीवर टेकला. "हिवाळ्यात लई ठणकतो," असं म्हणून तो पायाचं सगळं सांगू लागला. दवाखाने, पट्ट्या, आत बसवलेली सळई, सगळं बयाजवार, एकेक करून. चतुराबाई मध्येमध्ये हुंकार देत ऐकत होत्या. सोमेश्वर गाडी काढून दारात थांबला होता, त्याला पद्माबाईनं खुणेनंच सांगितलं, जरा दम धर.