गळक्या सनरूफचे दाजी

बबलूच्या लग्नात नवरदेवाची गाडी कोणती, हा सवालच नव्हता. भुजंगदाजीची! दाजी म्हंजे बबलूच्या बहिणीचे, साधनाताईचे मिस्टर, मंठ्याचे. त्यांची ती जुनी काळी फोर-बाय-फोर, डोंगर चढायला बनवलेली, अन् आजपर्यंत चढली काय तर मंठ्याच्या बसस्टँडपुढचा स्पीडब्रेकर. पण वरतून सनरूफ! त्या सनरूफचा दाजीला एवढा माज, की साधं मीठ मागायचं तरी मान वर करून मागायचे.

आता म्हणाल, नको म्हणायचं ना मंग सरळ. जमत न्हाई. दाजी रुसतेत. मागं चुलतभावाच्या लग्नात ह्यांचा फेटा दुसऱ्या जावयापेक्षा फिका निघाला, तर हा माणूस मंगलाष्टकं चालू असताना ताईला घेऊन निघून गेल्ता. ताईच्या मुठीत अक्षता तशाच. अन् बबलूला बहीण एकच. करवली म्हणून पाठीमागं दिवा घेऊन तीच उभी पाहिजे, बाकी मांडवात कोणी आलं काय अन् न्हाई आलं काय, त्याला काही फरक पडत नव्हता.

तर हळदीच्या दिवशी सकाळी दाजी वाटूरला, बबलूच्या घरी हजर. रात्री अवकाळी पडून गेल्ती. बबलूनं गाडीचं दार उघडलं, तर आतून भपकन भिजलेल्या म्हशीचा वास! सीट चिंब. छतातून टप, टप, टप. अन् थेंब कसले? गुलाबी!

"दाजी, हे गुलाबी काय गळून राह्यलं?"

"विदेशी रबर हाय ते," दाजी म्हणाले. "पाणी लागलं की रंग सोडते. तुमच्याकडं ट्रॅक्टरच असतेत, तुला काय कळणार?"

"पण उद्या नवरी बसायचीय ना इथं. शालूवर गळलं तर?"

"मंग सिलिकॉन मार की अजून एक थर! लग्न तुझं, गाडी तुझ्यासाठी आणली, एवढं बी तुलाच सांगायचं का?"

अजून एक थर! आधीच दाजीनं काचेच्या कडेनं एवढं सिलिकॉन थापल्तं, की उतू गेलेलं दूध चुलीवर वाळावं तसं दिसून राह्यलं होतं. थरावर थर, त्याच्यावर चिकटलेल्या माशा. हा माणूस मंठ्यात चार लोकाला सल्ले देतो म्हणे.

बबलूनं मोबाईल काढला, सनरूफ का गळते त्याचा व्हिडिओ लावला. व्हिडिओत बराबर समजावून सांगितल्तं. सनरूफमधी थोडं पाणी शिरणारच, ते अडवायचंच नसते. काचेखाली पन्हाळी राहती, तिच्या कोपऱ्याला बारीक भोकं, भोकाला नळ्या, अन् पाणी आतल्या आत खाली उतरून दाराजवळ बाहेर पडते. नळी तुंबली की पाणी सीटवर. बस, एवढंच!

"दाजी, नळ्या तुंबल्यात. वरची काच उघडून साफ कराव्या लागतेत."

असं म्हणायची देर, दाजीचा चेहराच उतरला. "काचेला हात लावायचा न्हाई!"

"का पण?"

"सांगितलं ना एकदा! उघडायचं कामच न्हाई! वरून सिलिकॉन मार अन् विषय बंद कर!"

तेवढ्यात दुर्गाबाईनं, म्हंजे बबलूच्या आईनं, हाक मारली, "जावईबापू, पोहे निवून राह्यलेत!" पोहे म्हणल्यावर दाजी थांबतेत का? गेले. अन् बबलू खुरपं घेऊन टपावर! सगळं सिलिकॉन खरवडलं, उतरून आतलं बटण दाबलं, काच कुरकुरत मागं सरकली. परत वर चढून कोपऱ्यात बघतो तर माती न्हाई, पाला न्हाई. गुलाल! भिजून, वाळून, सिमेंटसारखा बसलेला गुलाल!

बबलू टपावरच बसला. डोक्यात सगळं बराबर जुळत गेलं. बाजार समितीची निवडणूक! दाजीनं सासरवाडीत काय सांगितल्तं, की वरिष्ठांनी लई विनवण्या केल्या म्हणून मी माघार घेतली, उभाच न्हाई राह्यलो. माघार घेणारा गुलाल कशाला उधळतो? ह्यांनी नक्की मतमोजणीच्या पहिल्या फेरीत पुढं दिसले की गाडी काढली असणार, सनरूफमधून अर्धे वर निघून, दोन्ही हात जोडून, समितीच्या आवारात पोतंभर गुलाल! अन् फिरून येईपर्यंत पडले असणार. म्हणून काच उघडायची न्हाई! म्हणून ते विदेशी रबर!

बबलूला हसू आवरेना. पण आधी काम. मोटारसायकलची जुनी क्लच वायर आणली, टोक वाकवून बोथट केलं, की नळी फाटू नये. पुढच्या कोपऱ्यात हळूहळू सारली. अडकली. थोडं पाणी ओतलं, मुरू दिलं, परत सारली. वायर सटकन खाली गेली! मंग वरून भरलेली बादलीच ओतली.

अन् बराबर त्याच टायमाला दाजी बशीतला चहा फुर्र करत दाराजवळ आले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र पायजमा. खालून फस्सकन पिचकारी आली अन् कमरेपासून खाली दाजी गुलाबी!

अंगणात हळदीला जमलेल्या बाया माना उंचावून बघू लागल्या. दुर्गाबाई पदर सावरत पुढं आल्या अन् एकदम भोळेपणानं म्हणाल्या, "अगं बाई, गुलाल! पण जावईबापू, तुमी तर माघार घेतल्ती ना?"

एक बाई फिसकली, अन् मंग सगळ्याच.

"साधना!" दाजी ओरडले. "बॅग भर! आत्ताच्या आत्ता! ह्या घरात पाणी बी पिणार न्हाई!" अन् गाडीत जाऊन बसले, दार धाडकन लावून.

बबलूचं हसू तिथंच गोठलं. टपावरून उतरला तो थेट ताईपुढं. "ताई, मी पाय धरतो त्यांचे. माफी मागतो. पण तू जाऊ नको."

ताईच्या दोन्ही हाताला हळद. तिनं बबलूकडं बघितलं न्हाई, गाडीकडं बघितलं. "मला बी माघारच सांगितल्ती," ती म्हणाली. "मी शेजारणीला पेढे वाटले, मोठ्या मनाचा नवरा म्हणून."

मंग बबलूला दंडाला धरून पाटावर बसवलं अन् गालाला हळद लावली, चांगली खसाखसा.

दुर्गाबाईचा जीव काही राहीना. नारळ अन् नवा टॉवेल घेऊन त्या गाडीकडं निघाल्या समजूत काढायला. दाजी आतून तिरक्या डोळ्यानं बघूनच राह्यले होते. ताईनं आईचा पदर मागं ओढला.

"बसू दे गं, आई. आता गळत न्हाई ना आत? किती बी वेळ बसता येते."