मनगटाला चार

"मनगटाला किती लिहू, काका?" इंजिनियर मुलीने पेन सरसावत विचारलं.

"चार."

"दहापैकी?"

"मग काय, शंभरपैकी?"

मास्तर गाडीवरून उतरले आणि हेल्मेट काढता काढता त्यांनी उजवा हात मांडीमागे हळूच झटकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर झाली होती. नवी गाडी समोर तापून उभी होती. बुटकी, पुढे झुकलेली, दिसायला आपल्या किमतीच्या दुप्पट तोऱ्याची. पहिली नोकरी लागलेल्या आणि आपण शर्यतीत आहोत असं वाटणाऱ्या पोरांसाठी कंपनीने काढलेली ही सगळ्यात स्वस्त स्पोर्ट बाइक होती.

"इंजिनला नऊ लिही," मास्तर म्हणाले. "कुठल्याही गिअरला कुरकुर नाही. वळणाला नऊ. सीटला सात, कडक आहे पण छळत नाही. पण हँडल एवढं खाली ठेवलंयत की सगळं अंग मनगटावर येतं. पाचव्या फेरीला बोटं मेली माझी. आणि ब्रेकला धार नाही, पाच. हँडल तीन सेंटिमीटर वर घ्या, नाहीतर पोरं शिव्या घालतील."

"बाकीच्या पाच जणांनी मनगटाला सात-आठ दिलेत."

"बाकीचे पंचविशीतले आहेत. त्यांना दगडावर बसवलंस तरी सात देतील."

मुलीला हसू आलं नाही. कंपनीत येऊन तिला आठच महिने झाले होते आणि या गाडीचं हँडल हे तिचं पहिलं काम होतं. तिने चार आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि कागद घेऊन ती तडक साहेबांच्या खोलीकडे गेली. काचेतून मास्तरांना तिचे हातवारे दिसत होते. पोरगी भांडतेय, आपल्या शब्दासाठी भांडतेय, हे बघून त्यांना बरं वाटलं.

सत्तावीस वर्षं हा माणूस कारखान्यामागच्या त्याच गोल रस्त्यावर गाड्या फिरवत होता आणि त्यांना गुण देत होता. गुण देताना हात असा आखडता की पोरांनी त्यांचं नाव मास्तर ठेवलं. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. त्यांना दुसरं काही फारसं येत नव्हतं. चार लोकांत बोलता येत नव्हतं, साहेबांची मर्जी राखता येत नव्हती. पण गाडीवर बसलं की तिचं कुठे काय खुपतंय हे त्यांना कळायचं, आणि त्यांनी सांगितलं की कंपनी ते बदलायची. एवढ्या एका गोष्टीवर ते घरात, गल्लीत आणि सोयऱ्यांत ताठ मानेने वावरत आले होते.

संध्याकाळी ते नेहमीच्या गाडीवरून घरी निघाले. गाडी कंपनीनेच वापरायला दिलेली, साधी, सरळ बसायची. ऑफिसला डबा घेऊन जाणाऱ्या माणसाची गाडी. तिच्यावर मनगटाला त्यांनी स्वतःच साडेनऊ दिले होते आणि अर्धा गुण उगाच कापल्याची रुखरुख अजून होती. दुसऱ्या सिग्नलला बोटं पुन्हा बधिर झाली. दिवसभराचा शीण, त्यांनी मनाला सांगितलं.

सकाळी रात्रभराची झोप झालेली होती, हात ताजा होता. दुसऱ्या सिग्नलला बोटं पुन्हा गेली.

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. एका बंद दुकानासमोर उभं राहून त्यांनी डाव्या हाताच्या नखाने उजवी करंगळी चिमटली. मग जोरात चिमटली. नखाचा ठसा उठला, पण कळ आली नाही. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. दोन बोटं दाबत होती, दोन नुसती सोबतीला होती. म्हणजे नव्या गाडीच्या ब्रेकला धार होती. हँडलही ठीक होतं. नापास झाला होता तो हात, आणि त्याने गाडीला नापास केलं होतं.

निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? हँडल तीन सेंटिमीटर वर गेल्याने कुणी मरत नाही. हे सगळं त्यांनी त्या दुकानासमोर स्वतःला सांगून पाहिलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी कंजूषपणाने गुण दिले असतील, पण खोटे कधी दिले नव्हते. वर ती पोरगी त्या चारासाठी साहेबांशी वाकडं घेत होती. आज सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. आपण फार मोठी गोष्ट करायला निघालोय असंही त्यांना थोडं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच.

कंपनीच्या दारातच इंजिनियर मुलगी भेटली. "काका," एवढंच म्हणाली आणि फोनमध्ये बघत भराभर निघून गेली. मास्तरांना ते खटकलं, पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

साहेब त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. उठून उभे राहिले, खुर्ची दिली.

"साहेब, कालचे चार खोडा. ब्रेकचे पाचपण. दोष गाडीचा नाही, माझ्या हाताचा आहे."

एवढं बोलायला त्यांना होतं नव्हतं ते बळ लागलं. साहेबांनी मात्र नुसती मान हलवली.

"बसा ना, मास्तर. ते चार आम्ही धरलेलेच नाहीत."

"धरले नाहीत म्हणजे?"

"सरासरीत घेतले नाहीत. ती मुलगी नवी आहे, तिला माहीत नव्हतं. काल फार तावातावाने आली, मग सांगावं लागलं तिला."

"काय माहीत नव्हतं?"

साहेबांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "चाचणीच्या गाड्यांच्या हँडलला सेन्सर असतात ना. ब्रेक कुठल्या बोटाने किती दाबला, सगळं उमटतं. तुमची पकड कमी होत चाललीय हे त्यात दिसत होतं. आपल्या त्या स्कूटरच्या चाचणीपासून."

"स्कूटरला दोन वर्षं झाली."

"हो. तेव्हापासून तुमचे आकडे बाजूला ठेवतो आम्ही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"मग मला दोन वर्षं फिरवलंत कशाला?"

"कागदावर सहा जणांची सही लागते. नियम आहे."

मास्तरांना राग यायला वेळ लागला, पण आला तो भलत्याच बाजूने आला.

"आकड्यांचं जाऊ द्या," ते म्हणाले. "माझा हात जातोय हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वी दिसलं. एका शब्दाने सांगितलं असतंत तर डॉक्टरकडे गेलो असतो की हो मी! पाहुण्यांनी जेवणात मीठ कमी आहे म्हणून सांगू नये, तसं गप्प बसलात?"

"तब्येत हा खाजगी विषय असतो, मास्तर. आम्हाला बोलता येत नाही."

"आणि सही घेता येते."

साहेबांनी कालचा कागद पुढे सरकवला. पाच सह्या झाल्या होत्या, सहावी रेघ रिकामी होती. "अकरा महिने तर राहिलेत. आरामात काढा. कोण काय म्हणतंय तुम्हाला?"

मास्तरांनी खिशातून रोजच्या गाडीची किल्ली काढून त्या कागदावर ठेवली. "मला स्टोअरला टाका. नट मोजतो. आणि सहीला दुसरा माणूस बघा."

साहेबांनी "असं कसं, असं कसं" असं दोनदा म्हटलं आणि लगेच बदलीचा फॉर्म काढला.

गाडी देऊन टाकल्यावर घरी जायचं कसं, हे मास्तरांच्या लक्षात सुटी झाल्यावर आलं. त्यांनी लेकीला फोन केला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, वाटेवरच. आली तशी स्कूटर दारात लावून हसली.

"काय बाबा, आज मोठेपणा? ड्रायव्हर लागतो?"

ते मागे बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच हट्टाने तिला कंपनीची हीच स्कूटर घ्यायला लावली होती. सीट माझ्या गुणांवर ठरलीय, डोळे मिटून घे, असं सांगून.

"अहो, ती नवी स्पोर्ट बाइक येतेय ना तुमची?" वाऱ्यात मान वळवून तिने विचारलं. "आमच्या लॅबमधला एक जण घ्यायची म्हणतोय. रोज पन्नास किलोमीटर जायचंय त्याला. मी म्हटलं, थांब, बाबांना विचारते, मगच घे. कशी आहे?"

मास्तरांच्या ओठांवर आकडे आले. इंजिनला नऊ, वळणाला नऊ.

"बाबा? ऐकू येतंय का? त्याला काय सांगू?"

"सांग," ते म्हणाले, "स्वतः बसून बघ म्हणावं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसली. तिला वाटलं, बाबा नेहमीसारखे गुण द्यायला कांकूं करताहेत. पुढे खड्डा आला तेव्हा मास्तरांनी डाव्या हाताने मागची दांडी धरली, आणि उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तो तिथे नीट टेकलाय की नाही हे त्यांना वाकून बघावं लागलं.