रिकाम्या पाळण्याचं तापमान

"सिस्टर, हा रिकामाच आहे ना?" मेकॅनिकनं पुन्हा विचारलं.

"तुला कुणी दिसतंय का?"

"नाही ना. म्हणून तर विचारतोय."

नवजात बाळांच्या खोलीतला हा वॉर्मर, म्हणजे वर हीटर असलेला पाळणा. त्यातलं बाळ सकाळी गेलं होतं. डिस्चार्ज होऊन नव्हे. बाळाचं तापमान मोजायला पोटावर चिकटवायचा प्रोब गादीवर नुसताच पडला होता आणि पडदा दाखवत होता छत्तीस पॉइंट सात. तब्येत उत्तम.

मेकॅनिकनं हीटर खोलून बाजूला ठेवला. आकडा हलला नाही. त्यानं प्रोब टेबलाला लावला : चोवीस. स्वतःच्या पोटाला लावला : छत्तीस पॉइंट चार. टेबल निर्जीव, मेकॅनिक जिवंत. यंत्रात खोट नव्हती. गादीवर पुन्हा छत्तीस पॉइंट सात.

"काखेत थर्मामीटर लावून बघा एकदा."

"कुणाच्या?" सिस्टरनी विचारलं.

यंत्र काहीही म्हणो, सिस्टर आधी पालथ्या हातानं बाळाचं पोट बघत, मग तळपाय. घरी नवऱ्यालाही तसंच बघत. तो बिचारा आपोआप पाय पुढे करी. आता त्यांनी पालथा हात गादीला लावला. बाळाएवढी जागा उबदार होती. बाकी गादी गार.

तेवढ्यात मावशी प्रसूतिगृहातून गाठोडं घेऊन धावत आल्या. "सिस्टर, पोर पार गारठलीय हो! काखेत चौतीस. आईला अजून शुद्ध नाही."

बाकीचे वॉर्मर भरलेले होते.

"हीटर जोड पटकन," सिस्टर म्हणाल्या. "तोवर हिला इथेच ठेवते."

"अहो, पण हाही भरलाय!" मेकॅनिक कुजबुजला आणि स्वतःच दचकला.

सिस्टर गादीवर वाकल्या. "सरक रे राजा जरासा. पाहुणी आलीय."

चादरीवर एक सुरकुती उमटली आणि हळूच कडेला गेली.

मेकॅनिकच्या हातून स्क्रू पडला. त्यानं तो शोधला नाही, दुसरा घेतला.

सिस्टरनी मुलीला त्या उबेत ठेवलं, प्रोब चिकटवला. चौतीस. पस्तीस. हीटर अजून मेकॅनिकच्या मांडीवरच होता. छत्तीस. मुलीनं खणखणीत भोकाड पसरलं.

"बाई गं, आवाज बघा!" मावशी हसल्या.

सिस्टरनी मुलीच्या शेजारी पालथा हात ठेवला. तिथली ऊब उतरत चालली होती. त्यांनी हात काढला नाही. गादी सगळीकडे सारखी गार झाली तेव्हा काढला.

"झालं जोडून. चालू करू?"

"कर."

त्यांनी मुलीच्या दुपट्याचा मोकळा भाग उलगडून शेजारच्या जागेवर घातला आणि कडा नीट खोचल्या.