मीठ कुणी घालायचं

“मीठ कुणी घातलं?” आमटीचा थेंब तळहातावर घेऊन शहाबानोनं चाखला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“म्या,” धुरपदामावशी म्हणाली. “तू फोनवर व्हतीस.”

फोन ठेवल्यावर शहाबानोनंही घातलं होतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि एकशेतीस माणसांची आमटी तोंडात धरवत नव्हती.

“आता काय वं?” रुपालीनं विचारलं, तेही धुरपदामावशीकडं बघून.

विचारायला हवं होतं शहाबानोला. बचत गटानं कारखान्याच्या डब्यांचं काम धरलं, शिक्रापुरात हा गाळा घेतला, तेव्हा प्रमुख तिला नेमलं होतं. लिहिता-वाचता येतं, साहेब लोकांशी बोलता येतं म्हणून. मीटिंगमध्ये तिच्यासाठी सगळ्यात आधी हात वर केला तो धुरपदामावशीनंच. खरी पंचाईत तिथंच होती.

“बटाटं टाका, डाळ वाढवा,” मावशी म्हणाली. “बघत काय उभ्या ऱ्हायल्या?”

आमटी सावरली, पण बाराचा टेम्पो पाऊण वाजता हलला. लगेच कारखान्यातून साहेबांचा फोन. आठ दिवसांची चाचणी होती. जमलं तर वर्षभर काम, नाहीतर गाळ्याला कुलूप. आणि हा तर दुसराच दिवस.

“तुमच्याकडं इनचार्ज कोण आहे?”

शहाबानोनं एकदा मावशीकडं बघितलं. मग म्हणाली, “मी.” स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

“उद्या बारा म्हणजे बारा. नाहीतर आम्ही दुसरं बघतो.”

दुपारभर तिला एका जागी बसवेना. घासलेली पातेली तिनं पुन्हा घासली. उंबऱ्यापर्यंत जाऊन हायवेवरचे ट्रक बघितले, परत आली, परत गेली. समोरच्या भिंतीवर तिनंच खडूनं लिहिलं होतं: एकशेतीस डबे, बारा वाजता. काय करायचं ते ठळक अक्षरांत होतं. कुणी काय करायचं, ते मात्र लिहिलंच नव्हतं. लिहिणार तरी कशी? शिरूरपासून दौंडपर्यंतच्या लग्नांच्या स्वयंपाकात बारा वर्षं ती मावशीच्या हाताखाली राबली होती. चुलाणाची आच ओळखायला मावशीनंच शिकवलं होतं. नवरा, पाशा, गेला तेव्हा महिनाभर घरी भाकरी आणून देणारीही हीच बाई. तिला सांगायचं, मिठाला हात लावू नका? जीभ झडेल!

शेवटी पदर खोचून ती मावशीपुढं उभी राहिली.

“मावशी, एक बोलायचं हाय.”

“बोल की. मघाधरनं पायाला भिंगरी लावल्यागत फिरतीयास.”

“उद्यापासनं मीठ मी एकटीच घालनार. दुसऱ्या कुनीच घालायचं न्हाई. तुमी पन न्हाई.”

रुपालीच्या हातातली ताटं वाजायची थांबली. मावशी खाली मान घालून परात घासत राहिली.

“माझ्यासंगं व्हतीस तवा मी तुला मिठाला हात लावू दिला का?”

“न्हाई. एकदाबी न्हाई.”

“का?”

“आचारी एकच असतो म्हनून.”

“मग ह्ये पयल्याच दिशी का न्हाई बोललीस?”

“तुमचं मन दुखंल, वाटलं.”

“दुखलंच की,” मावशी म्हणाली. परातीवर पाणी ओतून तिनं ती भिंतीला टेकवली. “पन डबं येळेत गेलं पायजेत.”

दुसऱ्या दिवशी अकरालाच आमटीला उकळी आली. मावशी पळीनं ढवळत होती. तिचा उजवा हात सवयीनं फळीवरच्या मिठाच्या डब्याकडं गेला आणि मध्येच थांबला. तो हात तिनं पदराला पुसला, पातेल्यापासून दोन पावलं मागं सरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बानो, मिठाची येळ झाली.”

शहाबानोनं मीठ घातलं, ढवळलं. लग्नांच्या स्वयंपाकातल्या सवयीनंच पळीत जराशी आमटी घेऊन तिनं मावशीपुढं धरली. मावशीनं चाखून मान हलवल्याशिवाय तिच्या हातचं काही कधी पंगतीत गेलं नव्हतं.

“चव बघा की, मावशी.”

मावशी रिकामे डबे ओळीनं मांडायला लागली होती.

“मी कशाला? तू घातलंयस न्हवं?”

बाहेर टेम्पो येऊन थांबला. शहाबानोनं पळीतला थेंब आपल्याच तळहातावर घेतला.