चौथा ठोका

“हळू उतरवा रे त्याला! यापुढे आपल्या पोटाची काळजी तोच वाहणार आहे!”

मित्रांनो, गेदालियाचा तो हसरा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. भट्टीत जन्मलो, खोऱ्यातल्या आगगाडीला वर्षानुवर्षं पाठ दिली, आणि तुटलो तेव्हा गवतात पडून राहिलो. विशीतल्या गेदालियाने मला खेचराच्या गाडीत घालून आपल्या किबुत्झवर, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतवस्तीवर आणलं, भोजनघरापुढच्या निलगिरीला साखळीनं टांगलं. वाटलं, संपलं आपलं! पण त्यानं नांगराचा एक जाडजूड बोल्ट उचलून मला ठोकलं, आणि काय सांगू, मी गाऊ लागलो.

तीन ठोके म्हणजे जेवण. शेतातून, गोठ्यातून माणसं धावत यायची. पाव, ऑलिव्ह, काकडी, उकडलेली अंडी, सारं सगळ्यांचं. अंगातले सदरेसुद्धा सामाईक. गेदालिया मात्र दुपारी तीन ठोके देऊन क्षणभर थांबायचा आणि चौथा, अगदी हलका ठोका द्यायचा.

“अरे, तुला तीनवर थांबता येत नाही का?” स्वयंपाकी पेसाख खिडकीतून ओरडायचा.

“हात घसरतो रे!”

“रोज?”

“सवयीचा हात आहे!”

मग लढाई आली. वेढ्यात अडकलेल्या एका वस्तीला पाणी पोचवताना, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर माझ्यावर तीनच ठोके पडले.

दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी सगळे माझ्यापाशी जमतात. भाषणांतून तो वर्षागणिक शहाणा होत चाललाय.

“शिस्तीचा पुतळा म्हणे!” म्हातारा पेसाख फुरफुरतो. “माझे बूट खेचराला खायला घातले होते त्यानं!”

हशा पिकतो. मग चौथ्या ठोक्यावर वाद रंगतो. धुलाईघरातली हिंदा तेवढी मान खाली घालून मांडीवरच्या झग्याच्या सुरकुत्या सारखी करीत बसते.

आता जेवायला बोलवायला कर्णे आले. मी गंजलो. यंदा तरुण चिटणीस नोगा म्हणाली, “गोठ्याच्या फाटकाला खांब हवाय. हा रूळ घेऊ या का? नुसता लोंबतोय बिचारा.”

मतासाठी हात वर होऊ लागले. मित्रांनो, जुनी वस्तू हलवण्याआधी एकदा विचारावं, हिच्यात कुणाचं काय जपलेलं आहे. मला सांगायला तोंड नव्हतं.

काठी टेकत हिंदा उठली. तिनं बोल्ट उचलला. ठण, ठण, ठण. थांबली. मग हलकेच, ठण.

“अगं हिंदा, तुझाही हात घसरला?” पेसाख म्हणाला.

“त्याचा कधी घसरलाच नव्हता. कपडे उकळताना मला नेहमी उशीर व्हायचा. चौथा ठोका म्हणजे, ‘हिंदा, बाकावर तुझी जागा धरलीय.’”

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. हिंदा विशीतल्या पोरीसारखी लाजली.

“आपल्यात सगळं सगळ्यांचं. एवढा एक ठोका मी पन्नास वर्षं एकटीनं ठेवून घेतला. आता घ्या, तोही सगळ्यांचा.”