शेवटच्या सायकलची हाक

ओनोमिचीच्या धक्क्यावरून सकाळची बोट सुटली तेव्हा ओकिताच्या पाठीवरच्या पिशवीत पंप, पाने, जादा ट्यूब, पॅच आणि तिघांच्या गुडघ्यांना पुरेल एवढं मलम होतं. सामान वाहायचं ते सगळ्यात धाकट्याने, हा त्यांच्या विद्यापीठाच्या सायकल क्लबातला नियम. ओकिता एकोणसाठ वर्षांचा होता. त्याच्यानंतर क्लबात कोणी आलंच नाही आणि क्लब बंद पडला, त्यामुळे धाकटेपण त्याच्याकडे राहिलं ते कायमचं.

सगळ्यात पुढे कुरामोची असायचे. ते दोघांचेही सेंपाई, म्हणजे क्लबात आधी आलेले. आधी आलेला माणूस पुढे मरेपर्यंत आधीच आलेला असतो. मधे हासेबे, जे कुरामोचींपुढे मान तुकवायचे आणि ओकितापुढे ताठ करायचे. शेवटी ओकिता. कुठे थांबायचं, कधी खायचं, हे पुढच्याने ठरवायचं. मागच्याने दम लागल्याचं बोलायचं नाही. शेवटच्या सायकलवाल्याला एकच हाक मारायची मुभा होती: "पंक्चर!" ती ऐकली की सगळ्यांनी थांबायचं, मग पुढे खुद्द कुलगुरू का असेनात.

दर शरदात ते असे कुठेतरी जायचे. यंदा बेटांवरून बेटांवर, पुलामागून पूल ओलांडत इमाबारीपर्यंत. यंदा ओकिताकडे मलमापेक्षा जड असं आणखी एक सामान होतं. निघण्याच्या आठवड्यात कुरामोचींच्या बायकोचा, तोमोए-सानचा, फोन आला होता.

"हिवाळ्यात यांच्या हृदयाची नळी उघडावी लागली," त्या म्हणाल्या होत्या. "डॉक्टरांनी चढाला मनाई केलीय. सपाटीवर चालेल म्हणाले. पण हे कसले ऐकतात. तुम्ही मागेच असता ना? लक्ष ठेवा. थांबवा कुठेतरी. आणि मी सांगितलं हे कळू देऊ नका हं."

ओकिताने फोनवरच वाकून होकार दिला होता. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की सेंपाईंना थांबायला सांगण्याइतकं अवघड काम उभ्या आयुष्यात कोणी त्याच्यावर टाकलं नव्हतं. पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाची ही गोष्ट.

दुपारपर्यंत ठीक चाललं होतं. म्हणजे सगळे दमले होते, पण एकमेकांना शोभेल इतपत. वारा समोरून येत होता आणि वळण घेतलं तरी समोरूनच यायचा. सायकलवाल्यांना वाट दाखवणारी रस्त्याच्या कडेची निळी रेघ कुठेही न चुकता पुढे जात होती, हाच तिच्याविषयी ओकिताचा मुख्य आक्षेप होता. पुलावर चढणारा प्रत्येक रस्ता मुद्दाम हलका, गोल गोल वळवत नेलेला. त्यामुळे दम लागल्याचा दोष त्यालाही देता येत नव्हता. इकुची बेटावर लिंबाच्या बागा आल्या. हासेबेंनी "वा, लिंबं," असं म्हटलं, पण वर बघितलं नाही.

ताताराच्या पुलावर ओकिताला कुरामोचींची मान दिसली. लोण्यासारखी फिकी. पेडल मारता मारता ते मधेच पाय थांबवत होते, आणि देखावा बघायला थांबल्यासारखे समुद्राकडे बघत होते. ओकिताचा स्वतःचा उजवा गुडघा तोवर इतका भरून आला होता, की त्यालाही देखाव्याची फार ओढ लागली होती.

हाकाताच्या बेटावर त्याने डाव टाकला. तिथल्या छोट्या धक्क्यावरून थेट इमाबारीला जाणारी बोट लागते, सायकलीही घेते. ती चुकली की पुढे ओशिमा बेट, तिथला घाट, आणि घाट उतरल्यावर सामुद्रधुनीवरचा तो न संपणारा पूल. धक्क्याजवळ पाणी प्यायला थांबल्यावर ओकिता म्हणाला, "बोट उभी आहे वाटतं."

"आहे खरी," कुरामोची म्हणाले.

"सुंदर बोट आहे," हासेबे म्हणाले. बोट गंजलेली होती.

"वारा जरा वाढलाय," ओकिता म्हणाला.

"तुझं काय म्हणणं आहे, ओकिता? तुला त्रास होतोय का?"

"छे, मला कसला त्रास, सेंपाई. तुम्हाला जायचं असेल तर..."

"मी कशाला? तुम्ही तरुण मंडळी. माझ्यासाठी तुमची मजा कशाला घालवू?"

तरुण मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. हासेबेंच्या एका पायात गोळा आला होता आणि ते बगळ्यासारखे उभे होते. "सेंपाई म्हणतील तसं," ते म्हणाले. "मला तर आता कुठे रंग भरतोय."

बोटीवरच्या माणसाने दोर हातात घेऊन त्यांच्याकडे बघितलं. तिघांनीही त्याला अदबीने मान लववली. त्याने दोर सोडला. बोट जाईपर्यंत तिघं तिच्याकडे बघत राहिले, जवळच्या नातेवाइकाला निरोप द्यावा तसे. मग कुरामोची सायकलवर चढले. पहिल्यांदा पाय आडव्या दांड्यावरून पलीकडे गेला नाही. दुसऱ्यांदा गेला. मागच्या दोघांनी त्या वेळी बूट तपासले.

ओशिमाचा घाट उंच असा नाही. धडधाकट माणूस त्याला घाट म्हणणारसुद्धा नाही. कडेच्या बागांतून संत्री लटकत होती आणि एक आजी काठी टेकत, त्यांच्याच वेगाने, त्याच दिशेने चालली होती. पहिल्या वळणावर कुरामोचींची सायकल नागमोडी जायला लागली. दुसऱ्या वळणावर त्यांचा एक हात हँडलवरून सुटून छातीशी गेला, शर्टाचं बटण चाचपल्यासारखं केलं, आणि परत हँडलवर आला. त्यांच्या शर्टाला बटणं नव्हती.

पुढे जाऊन "सेंपाई, थांबा" म्हणावं, तर ते शब्द ओकिताच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. तो थांबला, वाकला, आणि मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोक सैल करून दाबलं. फुस्स असा लांबलचक आवाज झाला. त्या शांत डोंगरात तो ट्रकच्या ब्रेकसारखा वाटला. चार हात पुढे असलेल्या हासेबेंची पाठ जराशी ताठ झाली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

"पंक्चर!" ओकिता ओरडला.

कुरामोची तिथल्या तिथे थांबले. एवढ्या चटकन थांबले की हासेबे त्यांच्या अंगावर जाता जाता वाचले.

"अरे अरे," कुरामोची म्हणाले, आणि कठड्यावर बसले. "वाईट झालं."

"फार वाईट झालं," म्हणून हासेबे गवतावर आडवे झाले.

ओकिताने चाक काढलं, ट्यूब काढली. थोडी हवा भरून रस्त्याकडेच्या पाटात बुडवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. त्याने ती पुन्हा फिरवली. नियमाप्रमाणे भोक सापडल्याशिवाय पॅच लावता येत नव्हता, आणि पॅच लावल्याशिवाय निघता येत नव्हतं. त्यामुळे तो शांतपणे शोधत राहिला. आजी काठी टेकत त्यांच्यापुढे निघून गेली.

"बघू दे," बऱ्याच वेळाने कुरामोची म्हणाले. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. त्यांनी वाचायचा चष्मा लावला, ट्यूब पाण्यात धरली आणि न्याहाळली. कुठेच काही नव्हतं.

"हे बघ," ते एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले. "बारीक आहे. डोळ्यांना दिसत नाही असं."

हासेबे उठून आले, वाकले. "बाप रे," ते गंभीरपणे म्हणाले. "असली पंक्चरं फार वाईट. लावला पॅच तरी भरवसा नाही."

"पुलावर हवा गेली तर?" कुरामोची म्हणाले.

"तेच तर. मधोमध. समुद्रावर."

"धाकट्याचा जीव धोक्यात घालायचा का?"

"माझ्याकडे दुसरी ट्यूब..." ओकिताच्या तोंडून निघून गेलं. सवय. दोघा वडीलधाऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पिशवीची चेन ओढून घेतली. "...होती असं वाटलं होतं," तो म्हणाला.

कुरामोचींनी धडधाकट ट्यूब खरवडली आणि तिला आपल्या हाताने नेटका पॅच लावला. तोवर हासेबेंनी इमाबारीत मुक्काम होता त्या लॉजवाल्याला फोन करून गाडी मागवली. "हो हो, मोठी पाठवा," ते सांगत होते. "फार मोठं पंक्चर आहे."

गाडीत मागच्या बाकावर ओकिता आणि कुरामोची बसले. पुढे हासेबे पट्टा लावता लावताच झोपले. ज्या पुलासाठी आख्खा दिवस घातला होता तो खिडकीतून सरकायला लागला. कडेच्या वाटेवर चार-दोन सायकलवाले वाऱ्याशी झुंजत होते. त्यांच्याकडे बघायची ताकदही ओकिताकडे नव्हती.

"तोमोएने तुला फोन केला होता ना?" कुरामोची खिडकीकडे बघत म्हणाले.

"नाही," ओकिता म्हणाला. शब्द दिला होता.

"केला होता. मी शेजारीच बसलो होतो. मीच लावायला सांगितला."

ओकिताने बसल्या बसल्या मान लववली.

"ताताराच्या पुलापासून मी तुझ्या पंक्चरची वाट बघतोय," कुरामोची म्हणाले. "हाकाताला तर वाटलं, आता करतोय. धक्क्यावर काय करत होतास?"

"तुम्ही थांबाल म्हणून थांबलो होतो, सेंपाई."

कुरामोचींनी ओकिताच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. ती किती जड आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही हात लावावे लागले. ओकिताने ती परत घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "इमाबारीपर्यंत."