सावली नसलेलं साळिंदर

[लांबून: बाहेरची खोली. मावशी टीव्हीपुढे, हातात रिमोट.]

मुलांचं कार्टून लागलं होतं. पोस्टमन साळिंदर पाठीच्या काट्यांना पत्रं खोचून गावभर वाटत फिरत होतं.

"बघ, बघ!" मावशी ओरडली. "सशाला सावली आहे, खांबाला आहे, याला नाही! सगळ्यांची पत्रं पाठीवर, स्वतःचं एकही नाही. मीपणाच गळलाय गं त्याचा!"

भाचीला चहाचा ठसका लागला.

[जवळून: भाचीचा चेहरा.]

भाची याच कार्टूनच्या स्टुडिओत होती. तिचं काम सावल्यांचं. प्रत्येक पात्राची सावली वेगळ्या थरावर काढायची आणि शेवटी तो थर चालू करायचा. साळिंदराचा थर चालू करायचा राहूनच गेला होता, पहिल्या भागापासून. आज साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला चांगलंच झापलं. पुढच्या भागापासून सावली हवी म्हणजे हवी.

पण मावशी! गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यावर ती घुम्यासारखी बसून असायची. या साळिंदराने तिला बोलतं केलं. आता दर शनिवारी भाग संपला की शेजारच्या बायका जिन्यात जमायच्या आणि मावशी त्यांना अर्थ सांगायची. तो आनंद हिरावून घ्यायचा?

[भाची गप्प राहते.]

(हे दृश्य कापा. हिच्या पोटात काही राहत नाही.)

"मावशी, सावली घालायला मी विसरले गं."

मावशीने टीव्ही बंद केला.

"मुद्दाम नाही ना केलंस?"

"छे!"

"मग चालेल. मीपणा असा नकळतच जातो. मुद्दाम घालवला तर तो देखावा."

"अगं, पण आता सावली येणार! साहेबांचा हुकूम आहे."

"येणार?" मावशी ताडकन उठली. "म्हणजे मीपणा परत चिकटवणार त्याला? बायकांना काय तोंड दाखवू मी?"

[वरून: टेबल, कप, दिवा.]

येरझाऱ्या घालता घालता मावशी थांबली. तिने टेबलावरचा दिवा उचलून बरोबर कपाच्या डोक्यावर धरला.

"सावली कुठे गेली?"

"कपाखाली."

"मग वाजव त्याचे बारा!"

[स्टुडिओ. साहेब भुवया उंचावून.]

"सगळी दृश्यं भर दुपारची? का?"

"साहेब, टपाल दुपारीच वाटतात. शिवाय एवढीशीच सावली, काम झटपट."

झटपट ऐकल्यावर साहेबांनी दुसरं काही विचारलं नाही.

[जिना. शनिवार.]

"आधी सावली नव्हतीच, त्यात कसली आलीय मोठी गोष्ट?" मावशी रंगात आली होती. "आता आहे, पण पायाखाली! मीपणा असून तो पायाखाली ठेवायचा, बायांनो, खरी कसोटी ती!"

बायका माना डोलावू लागल्या. भाचीचा जीव भांड्यात पडला.

"ते सगळं खरं हो," वरच्या मजल्यावरची शिंपीण कळवळून म्हणाली, "पण एवढ्या उन्हात हिंडतंय बिचारं. एक टोपी तरी द्या त्याला. रुंद काठाची, चांगली ऐसपैस सावली पडेल अशी."

"टोपी नको!" मावशी आणि भाची एकदमच किंचाळल्या.